खुर्ची चालेना, कॉम्प्युटर ऐकेना

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. खुर्ची मीच बिघडवली. पण चांगल्या मनाने बिघडवली, एवढं लक्षात ठेवा.

ताई माझी थोरली बहीण. लहानपणीच पायातलं बळ गेलं, तोंडातलं दुप्पट झालं. बाकी अंगाने धडधाकट. मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसते. अकरा वर्षं झाली, पण अजून कच्ची. कच्ची म्हणजे रोजची हजेरी, रोजचा दिवस, उद्या बोलावलं तर ये, नाही तर नको. त्या दिवशी तिला पक्की करणार होते. चार वाजेपर्यंत मुख्य ऑफिसात स्वतः हजर राहायचं, कागद दाखवायचे, सही करायची. चारच्या आत नाही आलात तर नाव पुढच्या यादीत. आणि पुढची यादी कधी लागते म्हणाल, तर मागची सहा वर्षांपूर्वी लागली होती.

ऑफिस घरापासून दीड किलोमीटर, सरळ रस्ता. ताईची बॅटरीवर चालणारी खुर्ची आहे, हाताशी एक दांडी, दांडी पुढे केली की खुर्ची पुढे. ती आली त्या दिवशी ताईने जुनी ढकलायची खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकली आणि जाहीर केलं की आता मला कुणी ढकलायचं नाही, ना लाडाने, ना रागाने. मोटारी सोडवून खुर्ची ढकलायचा एक खटका मागे आहे, त्यालाही कुणी हात लावायचा नाही. टॅक्सीत ही खुर्ची मावत नाही, शंभर किलोचं धूड आहे. म्हणजे ताई जाणार तर ह्याच खुर्चीवरून, नाही तर जाणार नाही. बहीण कुणाची, ते सांगायला नको.

सकाळी मला वाटलं, आज एवढा मोठा दिवस, खुर्चीचं जरा तेलपाणी करू. माझं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. तीस वर्षं लोखंडाशी बोलतोय, चार बोल्ट काय मोठे. ताईला म्हटलं, अर्ध्या तासात देतो. ती आतल्या खोलीत इस्त्रीचे कपडे घालून, बूट घालून, कागदांची फाइल मांडीवर घेऊन पलंगावर बसली. तेव्हा अकरा वाजले होते.

मोटारी दोन असतात, डावी आणि उजवी. मी दोन्हींच्या वायरी काढल्या, धूळ पुसली, तेल दिलं, परत लावल्या. डावीच्या उजवीला, उजवीच्या डावीला. माझ्या गेटला असं केलं तर गेट उलटं उघडेल, एवढंच. पण ह्या खुर्चीला डोकं आहे. दांडी हलवली तशी ती एकदा शिंकल्यासारखी हलली आणि गप झाली. मी वायरी नीट लावल्या. तरी ती मुंगीच्या चालीने दोन वीत पुढे जायची, टीं करून ओरडायची आणि थांबायची. एकदा फसवलंत, आता विश्वास नाही, असा तिचा एकंदर चेहरा. खुर्चीला चेहरा नसतो, मला माहीत आहे.

कंपनीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो फार लांबच्या गावी. म्हणाला, काका, घाबरू नका, पेटी स्वतःला कुलूप लावून बसली आहे. खुर्चीबरोबर एक केबल आलेली, ती लॅपटॉपला लावा, आमचा प्रोग्रॅम पाठवतो तो चालवा आणि रीसेट दाबा. पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटांचं काम म्हटलं की मला घाम फुटतो. माझ्या आयुष्यात पाच मिनिटांचं एकही काम चार तासांच्या आत संपलेलं नाही.

प्रोग्रॅम आला. मी दाबला. कॉम्प्युटरने पाटी लावली की हा प्रोग्रॅम चालवायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल, त्यांचा पासवर्ड द्या.

आता हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, ते मला ठाऊक होतं. माझा जावई. लॅपटॉप त्याने दिलेला. देताना त्यात दोन माणसं केली, एक मालक आणि एक मी. कारण काय, तर आधीच्या कॉम्प्युटरवर मी जे दिसेल ते दाबायचो. त्यात तीन घड्याळं, हवामान सांगणारा पोपट आणि आपोआप उघडणारी लग्नाची स्थळं, एवढं साठल्यावर तो बिचारा बंद पडला. म्हणून नव्यावर मला हिशेबातलं राज्य. चित्र बघा, पत्र लिहा, कशाला हात लावू नका. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच विजेवर चालणारं यंत्र मला विचारतं की तू कोण.

मग जावयाला फोन करायचा ना, असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर गोम आहे. आम्ही तीन महिने बोलत नव्हतो. त्याच्या नव्या घरात तो फळी लावायला भिंतीला भोक पाडत होता. चार पाहुणे बसले होते. मी त्याच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं, म्हटलं, जावईबापू, हे कॉलरवाल्यांचं काम नाही. आणि भोक पाडलं. पाण्याच्या पाइपात. पाहुणे भिजले. मी म्हटलं, पाइप चुकीच्या जागी टाकलाय. तो काही बोलला नाही, टॉवेल आणायला गेला. त्या गप्प राहण्याने मला जास्त लागलं. तेव्हापासून मी ठरवलं, आधी त्याने बोलायचं. तो भिजला होता हे खरं, पण वयाचा काही मान असतो की नाही.

म्हणून मी जावयाला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं ठरवलं. बायकोला दम भरला, ताईला कळता कामा नये, तिचं ब्लडप्रेशर वाढेल. बायको म्हणाली, तुमच्या ब्लडप्रेशरचं बोला. आतून ताईची हाक आली, काय रे ठोक्या, झालं का? लहानपणापासून मी दिसेल ते ठोकायचो, म्हणून हे नाव. मी म्हटलं, झालंच, दोन मिनिटं.

पहिला आला शेजारचा अर्जसाहेब. जन्मभर हेडक्लार्क होता, निवृत्त झाला तरी खिशाला दोन पेनं. त्याने पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि म्हणाला, परवानगी मागितली आहे ना, मग रीतसर अर्ज द्यायला पाहिजे. कुणाला द्यायचा, हे त्याला विचारलं नाही, कारण तोवर त्याने माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर मसुदा सुरू केला होता. विषय, संदर्भ, महोदय. संदर्भाच्या जागी काय लिहायचं ह्यावर तो वीस मिनिटं अडला. मी खुर्चीकडे बघितलं, खुर्चीने टीं केलं. बारा वाजून गेले.

दुसरा झेरॉक्सवाला. त्याला बायकोने बोलावलं, कारण गल्लीत कॉम्प्युटर समजणारा तोच, निदान तोच तसं सांगतो. आला तो बाह्या सरसावूनच. उजवं बटन दाबून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असं काही निवडलं. पुन्हा पासवर्ड. प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यात नेऊन बघितला. पुन्हा पासवर्ड. त्याचं नाव बदललं. पासवर्ड. बंद करून चालू केला, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी श्वास रोखला होता, मीही. पासवर्ड. मग तो मला म्हणाला, तुम्ही दुसऱ्याच्या घरात भाडेकरू आहात काका, भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं. म्हटलं, भिंतीचं नाव काढू नकोस.

प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून त्याच्या दुकानात नेला. तिथल्या कॉम्प्युटरवर तो उघडलाच नाही. तुमचा कॉम्प्युटर माझ्यासाठी फार म्हातारा आहे, अशी पाटी आली. झेरॉक्सवाल्याचा चेहरा पडला. मला त्याही अवस्थेत जरा बरं वाटलं. अपमान एकट्याचा होण्यापेक्षा दोघांचा झालेला बरा.

परत आलो तर ताईची दुसरी हाक. अरे, एक वाजला. म्हटलं, तेल मुरतंय. तेल मुरतंय म्हणालो. ग्रिल बनवणाऱ्या माणसाने हे बोलावं.

मग मी पासवर्ड ओळखायचा ठरवला. जावई माणूस तसा सरळ, सरळ माणसाचा पासवर्ड सरळच असणार. मुलीचं नाव टाकलं. नाही. नातीचं टाकलं. नाही. त्याच्या गाडीचा नंबर टाकला. नाही. अर्जसाहेब म्हणाला, लग्नाची तारीख. ती मला आठवेना, बायकोला आठवली, माझ्याकडे बघून तिने ती अशी सांगितली की मी तिची स्वतःची तारीखही विसरलोय हे सगळ्यांना कळावं. नाही. पाचव्यांदा मी रागाने काय टाकलं ते इथे सांगत नाही. कॉम्प्युटर म्हणाला, फार वेळा चुकलात, आता अर्ध्या तासाने या.

अर्धा तास. मी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजायला आले होते. बायकोने लाजलज्जा सोडून मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, त्यांचा फोन लागणार नाही, त्यांच्या औषधाच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करतात, तुम्हालाच जावं लागेल. आणि थांबून म्हणाली, तू नाही, बाबांना जाऊ दे.

सगळे माझ्याकडे बघत होते. आत ताई फाइलचं बटन उघडायची आणि लावायची, टक, टक, ते ऐकू येत होतं. मी स्कूटरची किल्ली उचलली.

कारखान्याच्या गेटवर वॉचमन. कुणाला भेटायचं, काय नातं, काय काम. कामाच्या रकान्यात मी ‘परवानगी’ लिहिलं. तो म्हणाला, कसली परवानगी? म्हटलं, जावयाकडून घ्यायची आहे. तो म्हणाला, आत निरोप पाठवायला आधी सुपरवायझरची परवानगी लागते. म्हटलं, मग सुपरवायझरला बोलवा. तर सुपरवायझर जेवायला गेला होता, आणि तो जेवत असताना त्याला उठवायची कुणालाच परवानगी नव्हती. म्हणजे परवानगी मागायची परवानगी मागायला मला परवानगी मिळेना. मी खुर्चीवर बसलो, उठलो, बसलो. अडीच वाजले. वॉचमनला सगळं सांगितलं, ताई, अकरा वर्षं, चार वाजता, मुंगीची चाल. त्याने ऐकून घेतलं, रजिस्टर मिटलं आणि स्वतः आत गेला. नियम मोडला त्याने, देव त्याचं भलं करो, आणि सुपरवायझरला हे वाचायला न मिळो.

जावई बाहेर आला. डोक्याला निळी टोपी, पायाला प्लॅस्टिकच्या पिशव्या, चेहरा पांढराफटक. घाबरला होता तो. सासरा तीन महिन्यांनी कारखान्याच्या दारात उभा म्हणजे घरात कुणीतरी गेलंच असणार. पहिला शब्द त्याचाच.

“बाबा, आत्या बऱ्या आहेत ना?”

मी वाटेत स्कूटरवर चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यात वयाचा मान वगैरे सगळं होतं. ते कुठे गेलं कुणास ठाऊक.

“पाइप मीच फोडला,” मी म्हटलं. “पाइप जागेवरच होता.”

तो बघत राहिला. मग म्हणाला, “ते मला माहीत होतं, बाबा. झालं काय ते सांगा.”

मी सांगितलं. पासवर्ड दे, एवढंच म्हणालो. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. आणि जे बोलला ते ऐकून वॉचमननेही पेन खाली ठेवलं.

“पासवर्ड माझ्याकडे नाही. मागच्याच वर्षी मी सगळा कारभार आत्यांच्या हातात दिला. टेलिफोनवर कॉम्प्युटरच वापरतात त्या, त्यांना जमतं. दर महिन्याला त्याच बदलतात पासवर्ड. तुम्ही त्यांना विचारलं नाही?”

विचारलं नाही. अर्जसाहेबाला विचारलं, झेरॉक्सवाल्याला विचारलं, गाडीच्या नंबराला विचारलं. जिची खुर्ची, जिची नोकरी, तिला सोडून अख्ख्या गल्लीला विचारलं.

“फोन करू का त्यांना?” जावई म्हणाला. म्हटलं, नको, हे तोंडानेच सांगावं लागेल. परत येताना स्कूटर मी कशी चालवली ते पोलिसांनी विचारलं तर मी नव्हतोच म्हणून सांगा.

तीन वाजून सात मिनिटं. अर्जसाहेब आणि झेरॉक्सवाला अजून वर्कशॉपमध्ये बसून होते, बायकोने त्यांना चहा दिला होता. मी सरळ आतल्या खोलीत गेलो. ताई जशी सकाळी होती तशीच, बूट पायात, फाइल मांडीवर. फक्त चेहरा उतरला होता. चार तासांत ती पाणीही प्यायली नव्हती, वाटेत अडचण नको म्हणून.

मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. वायरी, कुलूप, पासवर्ड, सगळं. तिने पुरतं ऐकून घेतलं. टेलिफोनवाली बाई आहे, समोरचा संपेपर्यंत ऐकायची सवय.

“म्हणजे खुर्ची बंद आहे,” ती म्हणाली. “अकरापासून.”

“हो.”

“आणि मी दोनदा विचारलं.”

“हो.”

“ठोक्या, मला वाटलं तुम्ही सगळे मिळून मला घरीच ठेवायचं ठरवलंय. उन्हाचं कशाला जातेस, म्हणून. मी इथे बसून भांडण तयार करत होते.” तिने फाइल बाजूला ठेवली. “लॅपटॉप आण.”

आणला. तिने मांडीवर घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

“तोंड फिरव.”

बावन्न वर्षांचा माणूस मी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बायकोही दारात होती, तिला नाही सांगितलं तोंड फिरवायला, हे मी लक्षात ठेवलंय. मागे बटणांचा आवाज आला, बराच वेळ आला, लांबच होता पासवर्ड. ताई म्हणाली, चल, हा उघडला. साडेतीनला निघायलाच हवं, धाव.

वर्कशॉपमध्ये पळालो, केबल लावली. पडद्यावर खुर्चीचं चित्र आलं, दोन्ही चाकांवर लाल फुल्या. मी रीसेटकडे बोट नेलं, आतून आवाज आला, काही दाबू नकोस, आधी वाचून दाखव. मी वाचलं. ती म्हणाली, हो म्हण. मी हो म्हटलं. पुढची पाटी वाचली. तिने पुन्हा हो म्हणायला सांगितलं. तिसरी पाटी होती, खुर्चीचा वेग किती ठेवायचा. मी म्हटलं, हळू ठेवू का, रस्त्याला गर्दी असेल. आतून फाइलचं बटन वाजलं, टक. मग मीच म्हटलं, किती ठेवू? ती म्हणाली, सगळा.

एक हिरवी पट्टी भरायला लागली. तुम्ही कधी बादलीत नळाचा शेवटचा थेंब थेंब बघितलाय का, तशी. अर्धी भरली आणि थांबली. अर्जसाहेब हात जोडून उभा होता. झेरॉक्सवाला म्हणाला, हात लावू नका, असं थांबतंच. मी दोन्ही हात पाठीमागे धरले, माझेच हात मीच घट्ट धरले. साडेतीन झाले. पट्टी हलली. फुल्या गेल्या. मी दांडीला बोट लावलं आणि खुर्ची अशी पुढे सुटली की झेरॉक्सवाल्याच्या पायावरच गेली असती.

ताईला मी आणि बायकोने खुर्चीवर बसवलं. तिने दांडी पुढे केली आणि गेली. मी फाइल घेऊन मागे. दीड किलोमीटर मी पळालो, माझ्या वयाचा माणूस पळताना बघून दुकानदार दारात आले, त्यांना वाटलं चोरी झाली. एका गटाराच्या झाकणापाशी ती थांबली, बाजूने वळली, पुन्हा सुटली. ऑफिसच्या दारात तीन पन्नास. पायऱ्यांच्या बाजूला चढाची फळी होती, ती एका दमात वर. शिपाई म्हणाला, सोबतच्यांनी बाहेर थांबायचं. मी फाइल तिच्या मांडीवर ठेवली आणि बाकावर बसलो. बोलायला श्वास नव्हता, नाही तर शिपायाला दोन शब्द ऐकवले असते.

भिंतीवरचं घड्याळ चारवर गेलं. सव्वाचार झाले. साडेचार. त्या चाळीस मिनिटांत मी आयुष्यात ठोकलेल्या सगळ्या गोष्टी आठवल्या.

ताई बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्याजवळ येऊन थांबली.

“पक्की?” मी विचारलं.

तिने मान हलवली. हो अशी. दांडीवर हात ठेवला होता, पण खुर्ची पुढे जाईना. मी घाबरलो, पुन्हा कुलूप लागलं की काय. वाकून बघितलं तर खुर्ची नीट होती. ताईच्या बोटांत दांडी पुढे करायचं बळच उरलं नव्हतं. सकाळपासून उपाशी, सकाळपासून एका जागी, आणि अकरा वर्षं.

मी मागे जाऊन उभा राहिलो. हात पुढे गेले होते, ते मी परत घेतले.

“ताई,” म्हटलं, “ढकलू का?”

तिने मागे वळून बघितलं.

“कोपऱ्यापर्यंत,” ती म्हणाली.

मोटारीचा खटका सोडवला आणि ढकलायला लागलो. जड होती, पण ओझं वाटलं नाही. कोपरा आला तसा मी थांबलो, खटका लावला आणि हात काढून घेतले. तिने डोळे पुसले, दांडी धरली, आणि पुढे निघाली, सगळ्या वेगाने. मी मागून चालत गेलो. पळायचं मला कुणी सांगितलं नव्हतं.